लोकेशन आलं की माणूस सापडला?

आडवाट: "माणूस हरवला की पहिले सहा तास पोलिसांनी फक्त मोबाइलच्या मागे लागावं, घराची झडती हा टाइमपास आहे," असं काल इथे कुणीतरी ठणकावून लिहिलंय. अहो, सीडीआर, म्हणजे फोन कधी कुठल्या टॉवरवर होता याची कंपनीकडची कॉल-नोंद, ठाणे अंमलदार स्वतः मागवू शकत नाही. मागणी वरिष्ठांमार्फत कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पोलिसांच्या मागण्या बघणाऱ्या माणसाकडे, जाते. येतो तोही टॉवर, माणूस नव्हे. घाटात फोन दरीपलीकडचा टॉवर पकडतो आणि शोधपथक भलत्याच डोंगरावर चढतं. तेवढ्या वेळात माळा, गच्ची, टाकी, विहीर बघून होते. लहान मूल असेल तर आधी तेच. घरचे "बघितलं" म्हणाले तरी पुन्हा.

टॉवरवाला: ते लिहिणारा मीच. विसराळू आजोबा एसटीत बसून गेले तर माळ्यावर काय सापडणार, जळमटं? बॅटरी आहे तोवरच फोनचा उपयोग. संपली की शेवटचा टॉवर धरून बसा.

हद्दपार: आधी नोंद तर होऊ द्या! "२४ तास थांबा" हे कुठल्याच कायद्यात नाही. मूल १८ च्या आतलं असेल तर नुसती मिसिंगची, म्हणजे हरवल्याची, नोंद चालत नाही, थेट अपहरणाचा गुन्हा. सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या खटल्यात २०१३ मध्येच सांगितलंय. पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम ३६३, आता भारतीय न्याय संहितेचं १३७(२). हद्द आमची नाही म्हणाले तर झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता गुन्हा नोंदवून मग योग्य ठाण्याकडे पाठवायचा.

पेनड्राइव्ह: भांडा तुम्ही. तिकडे सोसायटीच्या डीव्हीआरचा, म्हणजे सीसीटीव्हीचं फुटेज साठवणाऱ्या डब्याचा, पासवर्ड फक्त कॅमेरे बसवणाऱ्याकडे आणि त्याचा फोन बंद.

टॉवरवाला: फुटेज आठवडाभर राहतं. पहिल्या तासात कशाला?

पेनड्राइव्ह: पुरावा म्हणून नाही हो, दिशेसाठी! गेटबाहेर डावीकडे वळला की उजवीकडे, एवढं कळलं की निम्मा शोध वाचतो. पण डीव्हीआरचं घड्याळ हमखास चुकलेलं असतं. आतला सेल गेला की वीज जाऊन आल्यावर तारीख थेट २००० सालात. म्हणून मॉनिटर आणि मोबाइलचं घड्याळ एकाच फोटोत घ्या, फरक लिहून ठेवा. नाहीतर सातचं फुटेज म्हणून साडेसातचं बघत बसाल आणि "इथून गेलाच नाही" असा शेरा माराल.

हद्दपार: आणि डिजिटल पुराव्यासोबत लागणारं, साक्ष्य अधिनियमाच्या ६३(४) चं प्रमाणपत्र?

पेनड्राइव्ह: ते कोर्टासाठी, साहेब. माणूस सापडू द्या आधी!

आडवाट: धागा माझा, चाललाय डीव्हीआरवर. श्वानपथकाचं कुणीच बोललं नाही. न धुतलेला कपडा आई छातीशी धरून रडायच्या आत पिशवीत गेला पाहिजे. दहा हात लागल्यावर कुत्र्याने कुणाचा वास घ्यायचा? आणि शोधासाठी द्यायचा फोटो लग्नातला मेकअप केलेला नको.

टॉवरवाला: बरं बाबा, माळा बघा. पण दोघांना ठाण्यातून पाठवताय ना? एकाने माळ्यावर चढावं, दुसऱ्याने सीडीआरची मागणी टाकावी.

आडवाट: रात्रपाळीला दोघं असतात हे तुम्हाला कुणी सांगितलं?