‘पब्लिक डिप्लोमसी’ला मराठीत काय म्हणावं?

हळदपेठ: सांगलीतल्या एका व्याख्यानाचा गोषवारा स्मरणिकेसाठी लिहितोय. विषय असा, की देश परक्या मुलखातल्या सामान्य माणसांपुढे स्वतःची ओळख कशी उभी करतात. मी ‘लोकराजनय’ लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘सार्वजनिक मुत्सद्देगिरी’ केलं. मला पटत नाही. आपल्याकडे मुत्सद्दी म्हणजे कारखान्याच्या निवडणुकीत एका रात्रीत पॅनेल जुळवणारा. त्याचं सगळं काम दाराआड, आणि हे तर उघड्यावरचं. दुसरा शब्द सुचवा.

संगममाहुली: संपादकांचं बरोबर आहे. मुत्सद्देगिरी पोराटोरांना कळते. ‘राजनय’ राज्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकाबाहेर मी कुठे ऐकलेला नाही. आणि ‘लोक’ लावलं की लोककला, लोकगीत आठवतं, म्हणजे लोकांनी केलेलं. इथे तर सरकार करतंय.

वाईदेशी: मग ‘सार्वजनिक’ तरी कुठे बसतं? सार्वजनिक गणपती, सार्वजनिक वाचनालय हे आपल्या सगळ्यांचं. इथले लोक परके आहेत. त्यांच्या सरकारला वळसा घालून थेट त्यांच्याशी बोलायचं, हा या कामाचा गाभा. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या फ्लेचर स्कूल या आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणाऱ्या संस्थेच्या एडमंड गलियन यांनी हा शब्द आजच्या अर्थाने रूढ केला. अमेरिकी सरकारची माहितीसंस्था यूएसआयए त्याआधीच, १९५३ पासून, ग्रंथालयं, मासिकं, रेडिओ यांतून तेच करत होती. ‘प्रोपगंडा’ला वास येत होता म्हणून नवं नाव. आपण सरळ ‘प्रचार’ म्हणू.

हळदपेठ: ‘प्रचार’ तोकडा पडतो. पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात, म्हणजे जर्मनीच्या सांस्कृतिक केंद्रात, आपली मुलं जर्मन शिकतात, तो प्रचार का? मौलाना आझादांनी १९५० मध्ये आयसीसीआर, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, स्थापन केली. तिच्या शिष्यवृत्तीवर शिकलेला परदेशी मुलगा गावी जाऊन भारताबद्दल जे सांगेल ते कोणी पढवलेलं नसतं. म्हणून त्याला वजन असतं.

अजिंक्यतारा: साताऱ्यात बसून हे बोलताना रंगो बापूजींना विसरून कसं चालेल? १८३९ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला धाडलं. रंगो बापूजी गुप्ते त्यांची बाजू घेऊन लंडनला गेले आणि दशकाहून अधिक काळ तिथेच झुंजले. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभेत बोलले, पत्रकं छापून वाटली, पार्लमेंटच्या सभासदांना भेटले. सत्ताधारी ऐकेनात म्हणून त्यांच्याच समाजापुढे गाऱ्हाणं मांडलं. हीच पब्लिक डिप्लोमसी!

वाईदेशी: ती वकिली. माणूस थोर, याबद्दल वाद नाही. पण मागणी न्यायाची होती, प्रतिमेची नव्हे. १८४८ मध्ये राज्य खालसा झालंच.

अजिंक्यतारा: यश आलं नाही म्हणून कामाचं नाव बदलतं का? आणि ‘वकिली’ तुम्ही आजच्या कोर्टाच्या अर्थाने म्हणताय. पेशव्यांचे हिंगणे दिल्लीत वकील होते, ते काय दावे लढवत होते? वकील म्हणजे राज्याचा प्रतिनिधी. ‘लोकवकिली’ म्हणा. शब्द घरचा आहे.

कृष्णाघाट: घरचा कसला, अरबी! मुत्सद्दीही तिकडूनच आलेला, मूळ अर्थ कारकून, कारभारी. शिवछत्रपतींनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी. श्रीकृष्ण कौरवांकडे गेला त्याला आपण ‘शिष्टाई’ म्हणतो. तोच घ्या, ‘जनशिष्टाई’.

संगममाहुली: कोश झाला तरी वकील आणि मुत्सद्दी उरलेच ना? तीनशे वर्षं तोंडात रुळलेला शब्द परका नसतो. आणि शिष्टाई दोन पक्षांत तंटा असेल तेव्हा. २१ जूनला जगभर योगदिन होतो तिथे कसला तंटा?

हळदपेठ: मंडळी, स्मरणिका छपाईला जायची आहे. ‘लोकराजनय’ ठेवू का?

अजिंक्यतारा: कृष्णाघाट, कोशात ‘वकील’ला प्रतिशब्द काय दिलाय ते पान असेल तर टाका. ‘हेजीब’लाही (तोही राज्याचा दूतच) वेगळा दिलाय का बघा. दोघांचं काम एकच होतं असं मला वाटत नाही.