मदत हवी आहे: द्विपद वितरणात यशाच्या संभाव्यतेची दोन उत्तरे येतात, त्यांपैकी एक का सोडायचे?

नमस्कार. द्विपद वितरणावरील एका उदाहरणात माझे आणि पुस्तकाचे उत्तर जुळत नाही, म्हणून सर्व पायऱ्यांसह येथे विचारत आहे.

उदाहरण असे आहे: एक प्रयोग चार वेळा केला, प्रत्येक वेळचा निकाल इतर निकालांवर अवलंबून नाही आणि यशाची संभाव्यता दर वेळी सारखीच आहे. नेमके दोन वेळा यश मिळण्याची संभाव्यता ०.३४५६ असल्यास किमान एकदा यश मिळण्याची संभाव्यता काढा. पुस्तकात ०.८७०४ एवढे एकच उत्तर दिले आहे.

यशाची संभाव्यता 'य' मानली, तर अपयशाची (१ − य) होते. चारांपैकी यशाच्या दोन खेपा ६ प्रकारे निवडता येतात, म्हणून

६य²(१ − य)² = ०.३४५६

दोन्ही बाजूंना ६ ने भागल्यावर उजवीकडे ०.०५७६ उरते आणि वर्गमूळ घेतल्यावर य(१ − य) ची किंमत ०.२४ किंवा −०.२४ मिळते. ऋण किंमत घेतली, तर य² − य − ०.२४ = ० या समीकरणाची मुळे १.२ आणि −०.२ येतात, संभाव्यता ० ते १ यांच्या बाहेर असू शकत नाही, त्यामुळे ती सोडण्यात मला काहीच अडचण वाटत नाही. धन किंमत घेतली, तर

य² − य + ०.२४ = ०
(य − ०.४)(य − ०.६) = ०

म्हणजे य = ०.४ किंवा ०.६. पहिल्या मुळावरून किमान एक यशाची संभाव्यता १ − (०.६)⁴ = ०.८७०४ येते, तर दुसऱ्यावरून १ − (०.४)⁴ = ०.९७४४. दोन्ही मुळे दिलेली अट तंतोतंत पाळतात आणि 'यश अपयशापेक्षा कमी शक्य आहे' असे उदाहरणात कोठेही म्हटलेले नाही.

चारांत दोन यशे म्हणजेच दोन अपयशे, तेव्हा यश आणि अपयश यांची अदलाबदल केली तरी समीकरण तेच राहते, म्हणून दोन उत्तरे येत असावीत, असे मला प्रथम वाटले. हे पडताळण्यासाठी मी अशी अदलाबदल न चालणारे उदाहरण घेतले: तीन खेपा, नेमके एक यश, संभाव्यता ०.४३२. येथे ३य(१ − य)² = ०.४३२ यावरून

य³ − २य² + य − ०.१४४ = ०

हे घनसमीकरण मिळते. य = ०.४ ठेवल्यास ते शून्य होते, म्हणून (य − ०.४) ने भागून

(य − ०.४)(य² − १.६य + ०.३६) = ०

असे अवयव पाडले. वर्गसमीकरणाची मुळे सुमारे १.३२९ आणि ०.२७१ आहेत. पहिले बाद होते, पण ०.२७१ बाद करता येत नाही! म्हणजे अदलाबदलीचे माझे स्पष्टीकरण अपुरे आहे.

आता मला असे वाटते की, य शून्यापासून वाढत गेला की नेमके एक यश मिळण्याची संभाव्यता आधी वाढते, य = १/३ असताना ४/९ ही सर्वांत मोठी किंमत गाठते आणि मग उतरत १ पाशी पुन्हा शून्य होते, त्यामुळे मधली प्रत्येक किंमत चढताना एकदा आणि उतरताना एकदा येणारच. पहिल्या उदाहरणात हे शिखर य = १/२ येथे, ०.३७५ वर आहे आणि ०.३४५६ त्याच्या खालीच आहे.

जाणकारांना माझे तीन प्रश्न आहेत. खेपा कितीही असल्या आणि यशांची संख्या शून्य किंवा सर्व खेपांइतकी नसली, तर हा चढ-उताराचा तर्क नेहमी लागू पडतो का, आणि तो कलनाशिवाय सिद्ध करता येतो का? उदाहरणात जास्तीची अट नसताना परीक्षेत दोन्ही उत्तरे लिहिणेच योग्य आहे ना? आणि तिसरा, जो मला सर्वांत जास्त सतावतो: माझ्या घनसमीकरणात ०.४ हे मूळ मला आधीच ठाऊक होते, कारण उदाहरण मीच रचले होते. ते ठाऊक नसते, तर पहिला अवयव कोणत्या पद्धतीने शोधायचा?