नॅस्टर्शियम बियांपासून: नागपूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

दसरा झाला की माझ्या ओट्यावर एक वाटी दिसते, रात्रभर भिजत घातलेल्या, नॅस्टर्शियम नावाच्या फुलझाडाच्या बियांची. वाळलेल्या वाटाण्याएवढ्या, सुरकुतलेल्या, हातात घेतल्या तर वजनच जाणवत नाही. मूळ झाड दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचं, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात त्याचा निभाव लागत नाही. ऑक्टोबरचा मध्य ते मार्च, एवढीच त्याची मुदत. बी दीड सेंटिमीटर खोल लावायचं आणि मातीने नीट झाकायचं, कारण रुजायला त्याला अंधार लागतो. माझ्याकडे आठव्या-नवव्या दिवशी कोंब येतात. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. फसलेलं तर जरूर लिहा, त्यातूनच जास्त कळतं.

मनीषनगरहून
ताई, माझं पहिलं वर्ष खताने वाया गेलं. आमच्याकडे काळी माती, त्यात मी दोन घमेली शेणखत घातलं आणि दर पंधरा दिवसांनी खलीचं पाणी. डिसेंबरात पानं बशीएवढी झाली, वाफा हिरवागार, फूल मात्र एक नाही. शेजारच्या बागेत काम करणारे काका बघून म्हणाले, "याले लय खाऊ घातलं तुम्ही, आता पानंच येतीन." अगदी खरं होतं. नत्र जास्त झालं की हे झाड पानांतच रमतं. पुढच्या वर्षी मातीत निम्मी वाळू मिसळली, खत शून्य. काळी माती पाणी धरून ठेवते आणि याची मुळं त्यात कुजतात, म्हणून वाळू हवीच. दिवाळीच्या सुमारास पेरलेल्या बियांना संक्रांतीच्या आत फुलं आली: केशरी, पिवळी, एक गडद लाल. तेव्हापासून मी या वाफ्याकडे खताची पाटी नेलेली नाही.

महालातून
आमची गच्ची आहे, अंगण नाही. ट्रेमध्ये रोपं करून कुंडीत हलवली तर बारापैकी नऊ मान टाकून बसली. याच्या मुळांना हात लागलेला चालत नाही. आता थेट कुंडीतच, दहा इंची कुंडीला तीन बिया.

प्रतापनगरहून
मावा! जानेवारीच्या शेवटी कोवळ्या शेंड्यांवर काळी पूडच सांडल्यासारखी दिसते, ती पूड नसते, बारीक किडे असतात. मी पान उलटं धरून पाण्याची जोरदार धार मारते, तीन दिवस लागोपाठ. नाहीच गेला तर कडुलिंबाच्या तेलाचे पाच मिली आणि साबणाचे थोडे थेंब लिटरभर पाण्यात, तेही संध्याकाळी. पानांवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा दिसल्या तर ती नागअळी, पान आतून पोखरणारी. ती पानं खुडून टाकायची. कोबीच्या शेजारी हे झाड लावू नका, दोघांवर एकच पांढरी फुलपाखरं अंडी घालतात.

बजाजनगरहून
फवारणीचं वाचून सांगावंसं वाटलं: रासायनिक औषध मारलेल्या झाडाचं काही खाऊ नका. कारण हे झाड खायचंही आहे. पान चावलं की आधी काहीच नाही, मग मोहरीसारखा झणका नाकात. अळिवाची कोवळी पानं खाल्ली असतील त्यांना ही चव लगेच ओळखू येईल, दोन्हींत तिखटपणा एकाच जातीच्या द्रव्याचा असतो. काकडीच्या कोशिंबिरीत मी चार पानं बारीक चिरून घालते. फुलाच्या मागे शेपटीसारखी नळी असते, तिच्या टोकाशी मधाचा थेंब. नात ती नळी चोखते आणि फूल मला देते. हिरव्या कोवळ्या बिया मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवल्या, वरणभाताबरोबर छान लागतात.

अंबाझरीजवळून
मी हे झाड पानांसाठी लावतो. सकाळी त्या गोल पानावर दवाचा थेंब असतो, पान हलवलं की पाऱ्यासारखा घरंगळतो आणि पान कोरडंच. अळवावरचं पाणी म्हणतो ना, हुबेहूब तेच. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसला ही पानं ढालींसारखी आणि फुलं शिरस्त्राणांसारखी वाटली, म्हणून विजयस्तंभाच्या अर्थाच्या शब्दावरून त्याने याच्या प्रजातीचं नाव ठेवलं, ट्रोपिओलम. त्याच्या मुलीने, एलिझाबेथने, संधिप्रकाशात ही फुलं चमकताना पाहिली आणि १७६२ साली त्यावर निबंध लिहिला. ती चमक फुलात नसून आपल्या डोळ्यांत असते, असं पुढे अभ्यासकांनी दाखवलं. तरी फेब्रुवारीत दिवे लागायच्या वेळी मी खुर्ची कुंडीसमोर ओढतो.

पुन्हा धरमपेठहून, धागा सुरू करणारी
सगळ्यांचे मनापासून आभार. बियांचं राहिलं होतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पानं पिवळी पडू लागली की पाणी वाढवून झाड वाचत नाही, मी करून पाहिलं आहे. तेव्हा कुंडीखाली वाका. देठापाशी तीन-तीनच्या जुडग्याने धरलेल्या बिया पिकून आपोआप खाली पडतात. त्या सावलीत आठवडाभर वाळवून कागदी पाकिटात ठेवते, वर रंग लिहून. खाली राहिलेल्या बिया पावसाळ्यात उगवतात खऱ्या, पण आपल्या जुलैच्या पाण्यात आठ दिवसांत सडतात. या वर्षी लाल फुलाच्या एकवीस बिया जमल्या आहेत. मनीषनगरच्या ताई, त्यातल्या सात तुमच्यासाठी बाजूला ठेवल्या आहेत.