माजाआधीचं इस्ट्रॅडिऑलही मोजणीत धरा

गाईचा गर्भ टिकला नाही म्हणजे प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं संप्रेरक) कमी पडलं, असं म्हटलं जातं. ते बऱ्याचदा खरं असतं, पण गोष्ट त्याआधीच सुरू होते. मांसासाठी पाळलेल्या गाईंमध्ये फलन बहुतेक वेळा होतंच. गर्भ जास्त करून जातो तो पहिल्या महिन्याभरात. कृत्रिम रेतनाआधी अंडाशयातल्या मोठ्या फॉलिकलमधून (बीज वाढवणाऱ्या पिशवीतून) पुरेसं इस्ट्रॅडिऑल (माज आणणारं संप्रेरक) स्रवलं, तर शुक्राणूंची वाट सुकर होते आणि गर्भाशय प्रोजेस्टेरॉनला प्रतिसाद द्यायला तयार होतं. म्हणूनच माजाची वाट न पाहता ठरावीक वेळी रेतन करतानाही स्पष्ट माज दाखवणाऱ्या गाई जास्त प्रमाणात गाभण राहतात. माझ्या मते नोंदवहीत निदान माज दिसल्याची ही खूण तरी हवीच.

खरी कसोटी रेतनानंतर साधारण 15 ते 17 व्या दिवशी. तोवर लांब झालेला गर्भ इंटरफेरॉन-टाऊ हे प्रथिन सोडून गर्भाशयातले प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकाचे झटके रोखतो. नाहीतर पीतपिंड (बीज सुटल्यावर अंडाशयात तयार होणारी, प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ) विरतो आणि गाय पुन्हा माजावर येते. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन लवकर चढलं, तर गर्भ वेगाने लांबतो. पण तेच बाहेरून फार लवकर दिलं, तर पीतपिंडाचं आयुष्यच घटू शकतं. सरसकट प्रोजेस्टेरॉन द्या म्हणणाऱ्यांनी हा धोका कृपया लक्षात घ्यावा.