मदत हवी आहे: मुलुंड-ठाणे भागात डिमेन्शिया डे केअर

सासूबाई ७६ वर्षांच्या, अल्झायमर्स, मधला टप्पा. चालतात, हाताने जेवतात, पण बाथरूमची आठवण करून द्यावी लागते. आम्ही दोघंही नोकरीवर. दिवसभराची बाई आहे, स्वभावाने चांगली. पण टीव्ही लावून देते आणि आई दुपारभर पेंगतात. मग दिवेलागणीला पिशवीत दोन साड्या कोंबून 'गिरगावला घरी जायचंय' सुरू, रात्रभर जागरण. डॉक्टर म्हणतात, दिवसा चार माणसांत बसवा, हाताला काम द्या.

एका केंद्राने बाथरूमला मदत लागते म्हटल्यावर नकार दिला. दुसरं दक्षिण मुंबईत. सकाळच्या लोकलने त्यांना नेणं अशक्य.

वृद्धाश्रम कृपया सुचवू नका, रात्री त्या घरीच हव्यात. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आणि एआरडीएसआय (अल्झायमर्ससाठी काम करणारी संस्था) माहीत आहेत, मला स्वतःचा अनुभव असलेल्यांकडून ऐकायचंय. आईंना मराठीच समजतं. महिना बारा-पंधरा हजारांपर्यंत जमेल.

मुलुंड ते ठाणे पट्ट्यात बाथरूमची मदत करणारं, ने-आण करणारी गाडी असलेलं केंद्र कुणाच्या माहितीत आहे का? आणि तुमचं माणूस पहिले काही दिवस तिथे थांबायला तयार नव्हतं, तेव्हा काय केलंत?