ॲटिकमध्ये एसी-फर्नेस : ट्रसची ऑर्डर जायच्या आधी काय ठरवून घ्यावं?

डॅलसकर
नमस्कार मंडळी, डॅलसच्या उत्तरेला घर बांधतोय, दुमजली, जमिनीवरच्या काँक्रीट स्लॅबवर. बेसमेंट नाही, इथली माती फुगते-आकसते म्हणून कोणी फारसं करतच नाही. बिल्डर म्हणतो फर्नेस (घर गरम करणारी भट्टी), कॉइल (एसीचा हवा गार करणारा भाग), डक्ट (हवा नेणारे मोठे पाइप) सगळं ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या पोकळीत टाकू, सगळीकडे तसंच असतं. नकाशावर मात्र तिथे काहीच दाखवलेलं नाही आणि ट्रसची, म्हणजे छपराच्या तयार लाकडी चौकटींची, ऑर्डर लवकरच जाणारे. आत्ता काय पक्कं करून घेऊ?

डक्टवाला
दादा, बरं झालं आत्ता विचारलंत. ट्रस आले की वेळ गेली, कारण मधल्या आडव्या-तिरक्या पट्ट्या इंजिनिअरच्या डिझाइनशिवाय कापता येत नाहीत आणि मग एसीवाला जिथे फट दिसेल तिथे युनिट कोंबतो. युनिटची जागा आणि वजन ट्रसवाल्याला आधीच कळवा, तो तेवढ्या भागात मोकळी खोली सोडून ट्रस बनवतो. आयआरसी या अमेरिकेतल्या घरबांधणीच्या कोडप्रमाणे युनिटच्या सर्व्हिसच्या बाजूला ३० बाय ३० इंच सपाट जागा लागते, तिथपर्यंत २४ इंच रुंद पक्की फळी, लाइट आणि प्लग पॉइंट पण. वर चढायचं तोंड कमीत कमी २० बाय ३० इंच, पण नुसतं तेवढ्यावर समाधान मानू नका, सगळ्यात मोठं युनिट त्यातून बाहेर निघालं पाहिजे. नाहीतर १५ वर्षांनी बदलताना सीलिंग फोडावं लागेल.

ह्यूस्टनची ताई
पाण्याचं विसरू नका!! गार कॉइलवर हवेतलं पाणी साचतं, ते नेणारा ड्रेन तुंबला की पाणी थेट बेडरूमच्या छतातून येतं, आमच्याकडे आलंय. खाली पाणी धरणारा पॅन हवाच, त्याला वेगळा पाइप, आणि फ्लोट स्विच, म्हणजे पाणी भरलं की युनिट आपोआप बंद होतं. पॅनच्या पाइपचं तोंड खिडकीच्या वर काढा, थेंब पडताना दिसले की लगेच कळतं. आणि वॉटर हीटर तरी वर नको, २०२१ च्या फेब्रुवारीतल्या थंडीत ॲटिकमधले पाइप फुटून कित्येकांची छतं खाली आली.

ऑस्टिनवासी
माझं मत वेगळं आहे. मुळात ॲटिकमध्ये ठेवायचंच कशाला? उन्हाळ्यात तिथे १३० फॅरनहाइटच्या वर जातं, आणि त्यातून ५५ डिग्रीची हवा डक्टमधून न्यायची, जॉइंट गळले तर गार हवा सगळी वरच राहते. खालच्या मजल्यावर जिन्याजवळ एक कपाटाएवढी खोली युनिटला द्या, डक्ट पॅसेजचं सीलिंग थोडं खाली घेऊन त्यातून न्या. १२-१५ स्क्वेअर फूट जातात, कबूल, पण फिल्टर बदलायला शिडी लागत नाही.

डॅलसकर
खूप आभार सगळ्यांचे. खोलीचं बायको बघू म्हणते, पण वरच्या मजल्याला वेगळं युनिट लागणारच आणि ते ॲटिकमध्येच जाईल. बिल्डर म्हणतो छपराला खालून उष्णता अडवणारा फोम मारू म्हणजे ॲटिक गरम होणार नाही, ते कसं?

डक्टवाला
चांगलंच आहे, फक्त दोन गोष्टी. फोम मारला की ॲटिक बंदिस्त होतं, तेव्हा साधी गॅस फर्नेस तिथे चालत नाही, बाहेरून हवा घेणारी सील्ड कम्बशनवाली किंवा सरळ हीट पंप (गॅस न जाळता विजेवर गरम-गार दोन्ही करणारा) घ्या. आणि एसीवरचा लोड कमी होतो, म्हणून मॅन्युअल जे चं, म्हणजे घराला केवढं युनिट लागेल त्याचं, गणित फोम धरून नव्याने करायला सांगा, नाहीतर युनिट मोठं बसतं, पटकन बंद होतं आणि घरातला दमटपणा जात नाही. हे दोन्ही कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून घ्या, तोंडी नको.