नाइन-वन-वन: कॅप्टन बॉबीला मारायला नको होतं (आठवा सीझन बघितला नसेल तर पुढं वाचू नका)

वडगावकर
लॉस एंजेलिसच्या फायर स्टेशनवरच्या ह्या अमेरिकन मालिकेचा पंधरावा एपिसोड बघून डोकं फिरलंय म्हणून लिहायलोय. लॅबमध्ये आग, क्रिमियन-काँगो तापाचा बदललेला विषाणू बाहेर आलाय, टीममधला पॅरामेडिक चिमनी, त्याच्या नाकातनं रक्त यायला लागलंय, औषधाचा डोस एकच, आणि स्टेशनचा कॅप्टन बॉबी नॅशनं तो चिमनीला देऊन सोडला. स्वतःची ऑक्सिजनची नळी फाटलीय हे कुणाला सांगितलंच नाही. सगळ्यांना बाहेर काढलं आणि स्वतः आत राहिला.

सगळे म्हणायलेत काय भारी. मला नाही पटलं. ह्या माणसाची गोष्ट काय होती? सेंट पॉलमध्ये बिल्डिंगला आग लागून 148 माणसं गेली, त्यात ह्याची बायको आणि दोन्ही पोरं, आणि त्याचा दोष तो स्वतःला द्यायचा. तेवढे जीव वाचवायचे, वहीत मांडून ठेवायचे आणि मग आपण जायचं असं ठरवून लॉस एंजेलिसला आलेला माणूस. 2018 पासून मालिका त्याला सांगत आली की बाबा, जग. पोलिसातल्या अथीनाशी लग्न झालं, दारूपासून लांब राहिला, स्टेशनात सगळ्यांना रांधून घालायचा. आणि शेवटी त्याला दिलं काय, तर तेव्हा तो जे मागत होता तेच! एवढी वर्षं मग कशाला जगवला?

निपाणीची_अक्का
दादा, मला बरोबर उलटं दिसलं. तेव्हा त्याला मरायचं होतं, आता जगायचं होतं, म्हणून तर ह्या वेळच्या देण्याला किंमत आहे. काचेपलीकडनं अथीनाकडं बघताना त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली काय तुम्हाला? मला नाही दिसली.

आणि दुसरं म्हणजे, सुनामी आली, भूकंप झाला, मधमाश्यांचं वादळ आलं, अथीनानं विमान रस्त्यावर उतरवलं, आणि टीममधले सगळे दर वेळी ठणठणीत. असं कुठं असतंय? आमच्या निपाणीत तंबाखूची वखार पेटली की माल आतनं धुमसत राहतोय, बाहेरनं काय कळत नाही, तरी बंबवाल्यांना आत जायलाच लागतंय. त्यांच्या घरची माणसं रात्रभर जागी असतात. त्या भीतीला मालिकेनं एकदा तरी खरं मानलं.

खानापूर_नर्स
मी तालुक्यात आरोग्य केंद्रात आहे म्हणून थोडं सांगते. क्रिमियन-काँगो गोचिडीपासून येणारा ताप. आपल्या घाटातला माकडताप पण गोचिडीचाच, 1957 ला शिवमोग्याकडं क्यासनूरच्या जंगलात सापडलेला, 2016 ला शेजारच्या दोडामार्गात आला तेव्हा चोर्ला घाटाच्या अलीकडं आम्ही पण धास्तावलेलो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला दिवस जातात, काही तासात असं रक्त येत नाही. बदललेला विषाणू म्हणून तेवढं सोडून देऊ.

मला खटकलं ते लपवणं. किट फाटलं की आधी ओरडून सांगायचं, हे आम्हाला पहिल्या ट्रेनिंगला शिकवतात. तू लपवलंस तर तुला उचलायला येणारा पण अडकतो. कोविडात अंगात कणकण असताना ड्युटीला आलेली माणसं बघितलीत मी, आधी सगळे कौतुक करायचे, मग शेजारच्या टेबलवरचे आजारी पडायचे. कॅप्टनच लपवायला लागला तर नवीन पोरं काय शिकणार?

निपाणीची_अक्का
ताई, तुमचं ट्रेनिंग बरोबर आहे. पण त्यानं सांगितलं असतं तर चिमनीनं सुई टोचून घेतली असती? त्याची बायको मॅडी पोटुशी, घरी लहान मुलगी, तरी तो नाही म्हणाला असता, तसलाच माणूस आहे तो. मग दोघं वाद घालत बसले असते आणि दोघं पण गेले असते.

येळ्ळूरचा
आपण बेळगावच्या हुतात्मा चौकातनं ये-जा करणारी माणसं. 17 जानेवारीला आजोबांबरोबर जायचो, सीमालढ्यातल्या 1956 च्या गोळीबाराचं नाव निघालं की त्यांचा आवाज बसायचा. त्यामुळं दुसऱ्यासाठी कोण मेला की आपण हात जोडतो, पुढं विचारत नाही. पण ती खरी माणसं होती, त्यांना कुणी लिहिलं नव्हतं. इथं डोस एकच हे लेखकानं ठरवलंय, तर त्याला विचारायलाच पाहिजे. मी वडगावकरांच्या बाजूनं.

एक मात्र मान्य. आपल्याकडं आगीला 101 आणि पेशंटला 108, दोन्ही खाती वेगळी. तिथं आग विझवणारा आणि पॅरामेडिक एकाच स्टेशनात, एकाच कॅप्टनच्या हाताखाली, जेवण पण एकत्र. म्हणून चिमनी त्याला पोटच्या पोरासारखा, हे पटतंय.

वडगावकर
अक्का, मॅडीचा मुद्दा जड आहे, त्याला माझ्याकडं उत्तर नाही. पण नर्सताईंनी जे सांगितलं त्याला तुमच्याकडं पण नाही. शौर्य दाखवायचं तर नियम पाळून पण दाखवता येतंय, ते लिहायला अवघड म्हणून लिहिलं नाही असं माझं मत. उरलेले तीन एपिसोड बघायची इच्छाच होईना.

निपाणीची_अक्का
सोळावा तरी बघा. त्याचा अंत्यविधी आहे त्यात. बघून झालं की इथं लिहा, मी आपल्या मतावरच आहे.